लाइन पूर्ण, वळतेय

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलं, त्यामुळे बस स्टँडपासून खोलीपर्यंत मी आणि बॅग दोघीही लंगडत आलो. तरी आज मला कशाचाच राग येत नाहीये.

ही वही लेकीने दिली. रोज लिहायचं, परत आल्यावर मी तपासणार, असं तिने बजावलंय. सहा वर्षांची आहे, पण घरात तिच्यासमोर बोलायची कुणाची टाप नाही. तेव्हा बाईसाहेब, लिहून घ्या: खोली छान आहे. एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वर आहे. खालून दिवसभर दाढा कोरण्याचा आवाज येतो. दात नीट घासत जा.

संध्याकाळी धावपट्टीवर जाऊन आले. गावाबाहेर एक पत्र्याचा हँगर, बाजूला तारेचं कुंपण, आत एकच छोटं विमान. एक गृहस्थ फडक्याने त्याची काच पुसत होते. मला वाटलं मेकॅनिक असतील. ते निघाले मालक. सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी विचारलं, बसून बघता का? मी बसले. हात आपोआप जागच्या जागी गेले.

एअरलाइनने आम्हा पायलटांना बिनपगारी घरी बसवलं त्याला वर्ष उलटून गेलं. मधल्या काळात मी फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना सोफे दाखवले. एक बाई म्हणाल्या, तुम्ही अगदी विमानातल्या घोषणेसारखं बोलता हो. मी म्हटलं, सवय आहे. मग मागच्या गोदामात जाऊन रडले. ते सगळं आज त्या सीटवर बसल्यावर उतरलं.

६ फेब्रुवारी

कामाची पद्धत अशी. जमिनीखाली कुठे कुठली खनिजं आहेत ते शोधायचं. विमानाच्या मागे एक लांब नळी बसवली आहे, तिच्यात मोजणीचं यंत्र. तिला आम्ही शेपूट म्हणतो. हे शेपूट घेऊन मी उत्तर-दक्षिण सरळ रेषेत उडायचं, टोकाला पोचलं की वळायचं, दोनशे मीटर सरकून पुढच्या रेषेवर परत यायचं. भिंतीला रंग देताना ब्रश वर-खाली फिरवतात ना, तसं. रेषेला इथे लाइन म्हणतात. एकूण दोनशे चाळीस लाइन आहेत. खाली नुसता माळ, झुडपं, मधूनच एखादं कोरडं तळं. घर नाही, रस्ता नाही.

गंमत म्हणजे उंची फक्त शंभर मीटर. जन्मभर ढगांच्या वरून उडाले, आता झुडपांची पानं दिसतात. पहिल्या दिवशी विमान सारखं वर खेचत होते, आज मजा आली.

मागच्या सीटवर तात्या असतात. यंत्र तेच सांभाळतात. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने चांगले जाडजूड. त्यांच्यामुळे विमान डावीकडे झुकतं अशी मेकॅनिकची तक्रार आहे. तात्यांचं म्हणणं, विमानाला माझा लळा आहे. मला पहिल्याच दिवशी पोरी म्हणायला लागले.

एक लाइन संपली की मी रेडिओवर सांगते, अमुक लाइन पूर्ण, वळतेय. हँगरमध्ये मेकॅनिक ऐकतो आणि खडूने फळ्यावर रेघ मारतो. बस, एवढंच.

रात्री भिंगरीचा फोन आला. आम्ही एकाच वेळी विमान शिकलो, एकाच एअरलाइनमध्ये लागलो, एकाच दिवशी घरी बसलो. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून ती भिंगरी, आणि सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून मी मास्तरीणबाई. तिच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. काम मिळेना म्हणून घरातली कपाटं तिसऱ्यांदा आवरली म्हणाली. माझ्यासाठी शब्द टाक ना गं, म्हणाली. मी साहेबांकडे टाकला. त्यांनी तिचा नंबर घेऊन ठेवला.

८ फेब्रुवारी

आज रेडिओवर दुसराच आवाज आला. तीस पूर्ण, वळतेय, असं मी म्हटलं आणि पाठोपाठ एक पुरुष म्हणाला, दोनशे अकरा पूर्ण, वळतोय.

थकलेला आवाज होता, पण अगदी शांत. मी विचारलं, कोण बोलतंय, आपली जागा सांगा. पुन्हा विचारणार तोच मागून तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, रेडिओ आहे पोरी, लांबचं काय काय पकडतो. उत्तर देऊ नकोस.

उतरल्यावर साहेबांना विचारलं की माळावर दुसरं कुणी उडतंय का. ते म्हणाले, आपल्याशिवाय तिकडे काळं कुत्रंही जात नाही. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

१० फेब्रुवारी

आवाज रोज येतो. हिशेबही रोज तोच. मी पहिल्या लाइनपासून पुढे चालले आहे, तो दोनशे चाळीसपासून मागे येतोय. आम्ही एक संपवली की तोही एक संपवतो. हँगरमधल्या रेडिओवर मात्र तो ऐकू येत नाही. मेकॅनिकने शपथेवर सांगितलं.

कुंपणाबाहेर एक बाई उभ्या असतात. हातात छत्री, ऊन असो नसो. आम्ही उतरलो की तात्या त्यांच्याकडे जातात, दोन शब्द बोलतात आणि त्या निघून जातात. मला वाटलं तात्यांचं काही प्रकरण असेल! आज चिडवलं त्यांना. ते हसले नाहीत.

म्हणाले, आधीचे पायलट होते त्यांच्या पत्नी आहेत. ते एअरलाइनमधले कप्तान. वयामुळे त्यांना सगळ्यांत आधी काढलं, मग ते इथे आले. गेल्या वर्षी ह्याच माळावर गेले ते परतलेच नाहीत. त्या दिवशी तात्यांना ताप होता, म्हणून कप्तान एकटेच गेले होते. बरेच दिवस शोध चालला. विमानाचा एक स्क्रूसुद्धा मिळाला नाही.

मग त्या रोज येऊन विचारतात तरी काय, असं मी विचारलं.

तात्या म्हणाले, त्या विचारतात, आज बोलले का. मी सांगतो, हो, बरे आहेत.

११ फेब्रुवारी

घरी फोन केला. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो विज्ञान शिकवतो, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. जुनं रेकॉर्डिंग कुणीतरी वाजवत असेल, म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, परत यायचं असेल तर ये, बघू काहीतरी. त्याचं ते "बघू काहीतरी" मी वर्षभर ऐकलंय. तो मुलांच्या शिकवण्या घेऊन रात्री घरी येतो तेव्हा त्याला घास गिळवत नाही, तेही बघितलंय.

शिवाय उडत राहिले नाही तर एअरलाइनचं बोलावणं येईल तेव्हा मी कशी जाणार? हात गंजलेला पायलट कुणाला हवा असतो?

परत जाणार नाही. आवाजच आहे. आवाज काही खात नाही.

१३ फेब्रुवारी

मी एक शक्कल लढवली. त्रेसष्ट लाइन झाल्या होत्या. साहेबांना म्हटलं, आता पलीकडच्या टोकापासून सुरू करते. ते टोक धावपट्टीच्या बाजूला आहे, इंधन वाचेल. ते लगेच हो म्हणाले.

मनात विचार हा की तो त्या टोकाकडून येतोय, तर मीही त्याच टोकाकडून गेले की त्याच्या पाठीमागे राहीन. गाठच पडणार नाही.

दोनशे चाळीसची लाइन संपवली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, चौसष्ट पूर्ण. वळतोय.

तो दुसऱ्या बाजूला गेला होता. मी जिथे सोडलं तिथून पुढे येत होता.

तात्या मागून म्हणाले, कप्तानांनीही हेच करून बघितलं होतं. म्हणजे त्यांनाही कुणाचा तरी आवाज यायचा. कुणाचा, ते तात्यांना ठाऊक नाही.

१५ फेब्रुवारी

कागदावर मांडून बघितलं. तो चौसष्टपासून पुढे, मी दोनशे चाळीसपासून मागे. एकशे बावन्न नंबरच्या लाइनवर आम्ही दोघं एकाच वेळी असू. समोरासमोर. एकाच उंचीवर.

साहेबांशी बोलले. ते चहाचा कप नुसता फिरवत राहिले. मग म्हणाले, हे काम महिनाअखेर दिलं नाही तर हँगरला कुलूप लागेल, तुमच्यासारखाच मीही बुडत्यातलाच आहे हो. माझा संताप झाला, पण त्यांच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली दिसली आणि राग तिथेच विरला.

रेडिओ बंद ठेवून उडायचं ठरवलं.

१६ फेब्रुवारी

रेडिओ बंद होता. तरी हेडफोनमध्ये आला. एकशे नऊ पूर्ण, वळतोय.

तात्यांनीही ऐकलं. ते म्हणाले, बरं झालं, बाईंना सांगायला काहीतरी झालं. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात कुणा वडीलधाऱ्या माणसावर ओरडले नव्हते.

१९ फेब्रुवारी

एकशे पंचावन्नपर्यंत आलो. त्याच्या आणि आमच्या मधल्या फक्त पाच लाइन राहिल्यात.

सकाळ होती, वारा अजिबात नव्हता. झुडपाचं पानही हलत नव्हतं. आणि विमान एकाएकी उजवीकडे कलंडलं, मग डावीकडे. हे मी ओळखते. एअरलाइनमध्ये मोठ्या विमानाच्या मागून उतरताना असे हिसके बसतात. पुढच्या विमानाने ढवळलेली हवा असते ती. आमच्या पुढून नुकतंच काहीतरी गेलं होतं. आकाश मात्र इथून तिथून रिकामं.

आणि मग त्याने पहिल्यांदाच वेगळं काहीतरी विचारलं. समोर कोण आहे? मला दिसत नाही. सूर्य डोळ्यांवर आहे.

विनवणी केल्यासारखं. माझ्या वडिलांना शेवटी दिसेनासं झालं होतं, ते असंच विचारायचे.

मी विमान वर खेचलं आणि सरळ धावपट्टीकडे वळवलं. तात्या एवढंच म्हणाले की पोरी, त्यांना उत्तर तरी द्यायचंस.

उतरले. आणि फोन बघितला तर एअरलाइनचा निरोप. बोलावलंय! सत्तावीस तारखेला सकाळी हजर व्हायचं. पगार, गणवेश, सगळं पूर्ववत. मी तिथेच सिमेंटवर बसून हसत सुटले. मेकॅनिकला वाटलं मला वेड लागलं.

साहेबांना सांगितलं, उद्यापासून मी नाही. त्यांनी मान हलवली. खिशातून चष्मा काढून फोनमध्ये नंबर शोधू लागले.

कुणाचा नंबर, ते विचारायचं मला सुचलंच नाही.

२० फेब्रुवारी

भिंगरी आली. धावपट्टीवर पोचताच मला मिठी मारून गरागरा फिरवलं. एअरलाइनने तिला नाही बोलावलं. यादीत माझं नाव तिच्या वर होतं, एवढंच.

संध्याकाळी खोलीवर बसवून तिला सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. आधी ती हसली. मग मी मांडलेला लाइनच्या हिशेबाचा कागद बघून हसणं थांबलं. म्हणाली, मास्तरीणबाई, तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. पण मी भुताला नाही गं घाबरत. मी घरी बसायला घाबरते. सकाळी उठायचं, आई विचारणार काही आलं का, आणि मी म्हणणार नाही. त्यापेक्षा भूत परवडलं.

मी तिच्याकडून वचन घेतलं. एकशे बावन्नला हात लावायचा नाही. अलीकडच्या दोन कर, ती एक सोडून दे, आणि मग पलीकडच्या कर. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगते. ती म्हणाली, तुझ्या गळ्याची शपथ.

एक लाइन सोडली तर तो दुसरीवर भेटणार नाही कशावरून? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो विचारला नाही. तिने पुन्हा हो म्हणावं एवढंच मला हवं होतं.

२१ फेब्रुवारी

निघाले. तात्या म्हणाले, जा पोरी, लेकीला पापा दे. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही सोडा हे. ते म्हणाले, मग त्या बाईंना संध्याकाळी कोण सांगणार?

बसमधून विमान वर जाताना दिसलं. पंख हलवून तिने मला टाटा केला.

२३ फेब्रुवारी

घरी. लेकीने वही तपासली आणि भुताची पानं तिला कळू नयेत म्हणून मी घाईने पानं उलटली. गणवेशाला इस्त्री केली. नवरा म्हणाला, अगदी पहिल्यासारखी दिसतेस. सासूबाईंनी दृष्ट काढल्यासारखा गालावरून हात फिरवला.

भिंगरीचा फोन आला होता. एकशे चोपन्न केली म्हणे. आवाज ऐकला. तू म्हणालीस तसा तो भयंकर नाही गं, म्हणाली, बिचारा वाटतो. विमानाचं किरकोळ काम निघालंय, बाकीचं उद्या.

बिचारा वाटतो. हे मला आवडलं नाही.

२४ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. ते नुसतं हॅलो हॅलो म्हणत राहिले. मेकॅनिकने फोन घेतला.

एकशे त्रेपन्न पूर्ण, असं भिंगरी म्हणाली आणि सोडायची ती लाइन सोडली नाही. मेकॅनिकला रेडिओवर फक्त आपल्या विमानातलंच बोलणं ऐकू येत होतं. ती कुणाशी तरी अगदी अदबीने बोलत होती. कप्तान, मी दिसतेय का तुम्हाला? घाबरू नका. तुम्ही तुमच्या उजवीकडे वळा, मी माझ्या उजवीकडे वळते. माझ्या मागे या, मी तुम्हाला खाली घेऊन जाते. मागून तात्याही म्हणाले, कप्तान, मी आहे, या.

मग काही नाही.

तिला त्याची दया आली. वचन दिलं होतं तरी—

मी नवऱ्याला म्हटलं, मी चालले. तो म्हणाला, सत्तावीसला हजर व्हायचंय. मी म्हटलं, त्याआधी येते.

२५ फेब्रुवारी

शोध सुरू आहे. साहेबांनी भाड्याने एक विमान आणलंय, पायलटसकट. मी त्याच्या शेजारी बसून खाली बघत होते. डोळे फुटायची वेळ आली. काही नाही. काचेचा तुकडा नाही, जळल्याची खूण नाही.

दुपारी रेडिओवर ती बोलली. स्वच्छ, तिचाच आवाज. एकशे साठ पूर्ण, वळतेय.

पायलट ओरडला, सापडल्या! मीही ओरडले. हँगरमध्ये सांगितलं, साहेब धाय मोकलून रडले. मी भिंगरीच्या आईला फोन लावला आणि म्हटलं, काकू, आहे ती, बोलली माझ्याशी. त्या देवाचं नाव घेत राहिल्या.

तासभर आम्ही सगळे वेड्यासारखे आनंदात होतो.

मग मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, टाकीत इंधन पाच तासांचं असतं. त्या काल सकाळी उडाल्यात.

काकूंना परत फोन केला नाही. करवत नाही.

२६ फेब्रुवारी

रात्रभर रेडिओजवळ बसले. ती थांबत नाही. आता मेकॅनिकलाही ऐकू येते, सगळ्यांना येते. दर थोड्या वेळाने एक लाइन. दोनशे दहा. दोनशे अकरा. आधी आवाजात हसू होतं. आता नाही.

कप्तान मात्र एकदाही बोलले नाहीत.

सकाळी कुंपणाशी त्या छत्रीवाल्या बाई होत्या. तात्या नाहीत म्हणून मला विचारलं, आज बोलले का? मी नाही म्हटलं. त्यांनी वर आकाशाकडे बघितलं. मग म्हणाल्या, सुटले म्हणजे. आणि छत्री मिटली. जाताना मागे वळून म्हणाल्या, तुमचं कोण आहे वर?

मला सगळं कळलं. जो समोर येतो तो अडकतो आणि आधीचा सुटतो. भिंगरी कप्तानांना घेऊन येणार होती. ते गेले. तिथे आता ती आहे. आणि तात्या.

दुपारी ती म्हणाली, दोनशे एक्केचाळीस पूर्ण. वळतेय.

दोनशे एक्केचाळीस नावाची लाइनच नाही. कामाची हद्द दोनशे चाळीसला संपते. ती हद्दीबाहेर आली. धावपट्टीच्या बाजूला. गावाच्या बाजूला.

धावपट्टीही उत्तर-दक्षिणच आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं. तीनशेवी लाइन बरोबर तिच्यावरून जाते.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

भाड्याचा पायलट निघून गेला. विमान इथेच टाकून. म्हणाला, मालक येऊन नेईल, मी नाही बसणार त्यात.

साहेब ऑफिसात दार लावून आहेत. हाक मारली तर म्हणतात, मी काही केलं नाही, मी काही केलं नाही.

नवऱ्याचा फोन. ये म्हणाला. लेकीला फोन दिला. तिने विचारलं उद्या विमान चालवणार ना. मी हो म्हटलं.

शेवटची बस होती. मी स्टँडपर्यंत गेले. बस समोर उभी होती— दार उघडं— चढले नाही.

मी गेले तर इथे कोण? मेकॅनिक? तो तिच्याशी बोलायला लागलाय. उत्तर देऊ नकोस म्हटलं तर म्हणाला, ताई, एवढं काकुळतीला येऊन विचारतात—

ती विचारायला लागली आहे. समोर कोण आहे?

२७ फेब्रुवारी, पहाटे

दोनशे त्र्याऐंशी.

मेकॅनिकला घरी पाठवलं. जबरदस्तीने. रडत गेला.

ती माझं नाव घेत नाही. मास्तरीणबाई म्हणते. मास्तरीणबाई, मला लाइन दिसत नाहीत गं. सगळं पांढरं. तू तिथे आहेस का?

मी अजून उत्तर दिलं नाही. तोंडात ओढणीचा बोळा धरून बसले आहे.

सकाळ

दोनशे शहाण्णव.

एअरलाइनचा फोन वाजतोय. हजर व्हायची वेळ झाली. वाजून वाजून थांबला.

मी भाड्याच्या विमानात येऊन बसले आहे. धावपट्टीच्या टोकाला उभं आहे ते. इंजिन बंद. रेडिओ सुरू. पुढचे दिवे लावलेत, दिवसाढवळ्या. तिला दिसावेत म्हणून.

कप्तान हवेत होते, ती हवेत होती. मी जमिनीवर आहे. कदाचित तोच फरक असेल. कदाचित ती उतरेल. चाकं टेकली की—

नाहीतर ती पुढे जाईल. तीनशे एक म्हणजे दवाखाना, शाळा, बाजार. तिथे कुणीतरी वर बघेल. कुणीतरी उत्तर देईल.

मला जायचं आहे घरी. फार जायचं आहे.

दोनशे अठ्ठ्याण्णव

उत्तर दिलं. म्हटलं, भिंगरे, मी आहे.

ती इतकी रडली. तात्याही रडले. पोरी, गेली नाहीस तू?

म्हटलं, धावपट्टी मोकळी आहे. वारा नाही. ये उतर.

ती म्हणाली, किती चांगली आहेस. किती वाट बघितली—

दोनशे नव्याण्णव पूर्ण. वळतेय.

आता माझ्याच लाइनवर—

इंजिन ऐकू येतं. रेडिओत नाही. बाहेर. खरं. आकाश रिकामं

ती म्हणते दिसत नाही— सूर्य डोळ्यांवर— मी म्हटलं दिवे बघ, थोडी डावीकडे, वेग कमी कर, चाकं— चाकं खाली घे— मी तिला शिकवल्यासारखं सांगतेय, ती हो म्हणतेय, हो मास्तरीणबाई

गवत आडवं होतंय. पट्टीच्या त्या टोकापासून. दोन्ही बाजूंनी. सरळ इकडे

भिंगरे वेग कमी कर

ती म्हणते उतरायचं नाहीये गं. तू ये. दार उघड

दार मी लावलं होतं— आतून— आता हँडल आपोआप वळतंय

बाहेर इतकं पांढरं— विमान जमिनीवर आहे, मी जमिनीवरच आहे, चाकं टेकलेली आहेत, मी बघितलं— मग खाली झुडपं का सरकत